दुखणं थांबायची वाट न पाहता झोप सुधारता येते

प्रश्न : माझं वय ५२. सहा वर्षांपासून कंबर दुखते, कळ उजव्या कुल्ल्यातून मांडीत उतरते. सगळ्या तपासण्या झाल्या, ऑपरेशनची गरज नाही असं सांगितलंय. औषधं आणि व्यायाम चालू आहेत. दिवस कसाबसा निघतो, पण रात्र नको वाटते. थकून नऊलाच अंथरुणावर पडते आणि साडेअकरापर्यंत डोळ्याला डोळा लागत नाही. दोन वाजता कळ येऊन जाग येते, ती चारपर्यंत. मग कशीतरी सातपर्यंत झोप. दुपारी सोफ्यावर तासभर डोळा लागतो. कडक गादी घेऊन पाहिली, फरक नाही. मैत्रिणीकडच्या झोपेच्या गोळ्याही दोनदा घेतल्या. सगळे म्हणतात, दुखणं कमी झालं की झोप आपोआप येईल. किती दिवस वाट पाहू?
– एक वाचक

उत्तर :

ताई, ती वाट पाहणं आजपासून सोडून द्या. दुखणं तसंच असतानाही झोप सुधारता येते. आधी दुखण्याचं बघू, झोपेचं नंतर, या क्रमामुळेच तुमच्यासारख्या कित्येकांची वर्षं वाया जातात, आणि त्याचं आम्हाला खरोखर वाईट वाटतं.

दुखण्याने झोप मोडते हे खरं. पण मोडलेली झोप दुखणं वाढवते, हेही तेवढंच खरं आहे. मेंदूकडून मज्जारज्जूत असे काही संदेश उतरत असतात, जे शरीरातून वर येणाऱ्या वेदनेला दाबून धरतात. झोप अपुरी झाली की हा अटकाव ढिला पडतो आणि कालचीच कंबर आज जास्त ठणकते. रोजच्या नोंदी ठेवून झालेल्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा असं दिसलंय, की रात्रीच्या झोपेवरून दुसऱ्या दिवशीच्या दुखण्याचा जितका नीट अंदाज येतो, तितका दिवसाच्या दुखण्यावरून रात्रीच्या झोपेचा येत नाही. शिवाय सहा वर्षांत आणखी एक गोष्ट घडलेली असते. अंथरूण म्हणजे जागं राहून कण्हण्याची जागा, हे शरीराच्या अंगवळणी पडतं. मग एखाद्या रात्री कळ सौम्य असली तरी पाठ टेकताच डोळे टक्क उघडतात. हा भाग वेदनाशामक गोळीने जात नाही, त्यावर वेगळेच उपाय करावे लागतात.

तुमच्या पत्रातला हिशेब मांडून पाहू. नऊ ते सात म्हणजे अंथरुणात दहा तास. त्यातली झोप साडेअकरा ते दोन आणि चार ते सात, म्हणजे साडेपाच तास. उरलेले साडेचार तास तुम्ही जाग्या आहात, तेही दुखऱ्या कुशीवर, अंधारात, घड्याळाकडे बघत. थकलेल्या माणसाला लवकर आडवं व्हावंसं वाटणं साहजिक आहे, पण झोपेची ओढ अंथरुणात जास्त वेळ काढून वाढत नाही. ती जागं राहून आणि हालचाल करून साठते. दहा तासांवर पसरलेली साडेपाच तासांची झोप विरळ होणारच, आणि विरळ झोपेत बारीकशी कळही जाग आणते.

म्हणून मुख्य उपाय असा आहे की अंथरुणातला वेळ कमी करायचा. वाचायला हे क्रूर वाटेल, पण दीर्घकालीन निद्रानाशावर सर्वात भक्कम पुरावा याच पद्धतीच्या बाजूने आहे. झोपेच्या सवयी आणि झोपेविषयीचे विचार बदलणाऱ्या ‘सीबीटी-आय’ या उपचारपद्धतीचा हा गाभा आहे. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संघटनेने २०१६ मध्ये प्रौढांच्या दीर्घकालीन निद्रानाशावर पहिला उपचार म्हणून हीच सुचवली, गोळ्या नव्हे. जुनाट दुखणं असलेल्यांवरही ती वापरून पाहिली गेली आहे. त्यात झोप चांगलीच सुधारते, दुखण्यात मात्र थोडाच फरक पडतो. तेवढीच अपेक्षा धरून सुरुवात करा.

पहिले दोन आठवडे काही बदलायचं नाही, फक्त वही ठेवायची. रोज सकाळी उठल्यावर पाच गोष्टी लिहायच्या : अंथरुणावर कधी गेलात, अंदाजे कधी झोप लागली, मध्ये साधारण किती वेळ जाग होती, शेवटी कधी उठलात आणि दिवसा किती डुलक्या झाल्या. सोबत कुठलं औषध किती वाजता घेतलं तेही. आकडे अंदाजेच असू देत. रात्री घड्याळ बघून लिहायला गेलात तर वहीच झोप उडवेल. घड्याळाचं तोंड भिंतीकडे करा आणि गजर लावलेला मोबाइल हात पोचणार नाही इतका लांब ठेवा.

वहीतून झोपेची सरासरी काढा. ती साडेपाच तास आली, तर त्यात अर्धा तास मिळवून अंथरुणातला वेळ सहा तास ठरवा. सरासरी त्याहून कमी आली तरी साडेपाच तासांच्या खाली उतरू नका. उठायची वेळ आधी पक्की करायची. समजा सकाळी सहा. सुट्टी असो की रात्र वाईट गेलेली असो, सहा म्हणजे सहा. मग झोपायची वेळ होते रात्री बारा. त्याआधी अंथरुणावर जायचं नाही, आणि बारा वाजले तरी पेंग येत नसेल तर येईपर्यंत थांबायचं. आठवड्याने पुन्हा हिशेब करा. सहा तासांपैकी ८५ टक्के, म्हणजे सुमारे पाच तास सहा मिनिटं किंवा त्याहून जास्त झोप होत असेल, तर झोपायची वेळ १५ मिनिटं अलीकडे आणा. ८० ते ८५ टक्क्यांच्या मध्ये असाल तर आहे तीच वेळ ठेवा. ८० च्या खाली असाल तर १५ मिनिटं आणखी उशिरा, फक्त साडेपाच तासांची मर्यादा इथेही पाळायची. असं दर आठवड्याला एकच पाऊल टाकायचं. घाई केली की झोप पुन्हा विस्कटते, आणि बरेच जण नेमके इथेच चुकतात : तीन रात्री छान गेल्या म्हणून चौथ्या दिवशी दहालाच आडवे होतात.

पहिले एक-दोन आठवडे जड जातात. दिवसा डोळे मिटतात, चिडचिड होते, दुखणंही थोडं वाढल्यासारखं वाटू शकतं. त्या काळात लांबचं वाहन चालवू नका. फिट्स, बायपोलर आजार, झोपेत चालण्याची सवय किंवा तोल जाऊन पडण्याचा धोका असेल, तसंच वाहन किंवा अवजड यंत्र चालवण्याची नोकरी असेल, तर ही काटछाट डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. फारच थकवा असणाऱ्यांसाठी याचाच सौम्य प्रकार आहे. अंथरुणातला वेळ एकदम सहा तासांवर न आणता दर आठवड्याला अर्ध्या तासाने कमी करत न्यायचा. फळ उशिरा मिळतं, पण झेपतं.

आता तुम्ही विचाराल, नऊनंतर कंबर बसू देत नाही, मग बारापर्यंत करायचं काय? आडवं होण्याची खरी गरज असेल तेव्हा जरूर व्हा, पण पलंगावर नाही. दुसऱ्या खोलीत जमिनीवर चटई टाका, उताणं झोपून दोन्ही पोटऱ्या खुर्चीच्या बैठकीवर ठेवा, म्हणजे कंबर आणि गुडघे दोन्ही काटकोनात येतात. दहा मिनिटांचा गजर लावा आणि डोळे उघडे ठेवा. कंबरेवरचा भार उतरतो आणि झोपही खर्च होत नाही. जमिनीवरून उठणं जड जात असेल तर सोफा चालेल, गजर मात्र हवाच. बाकी वेळ दर २०-३० मिनिटांनी बैठक बदला : थोडं बसणं, थोडं उभ्याने काम, घरातल्या घरात फेरी. दुपारचं तासभर झोपणं थांबवा. अगदीच राहवत नसेल तर तीनच्या आधी, गजर लावून, २० मिनिटं.

दोन वाजता जाग येणार, त्याची तयारी संध्याकाळीच करून ठेवायची. पलंगापासून चार पावलांवर एक खुर्ची, तिच्यावर पाठीला आधार देणारी उशी, पायाला स्टूल, अंगावर घ्यायला शाल, पिवळसर मंद दिवा आणि आधी वाचून झालेलं एखादं पुस्तक. जाग आली की आधी कूस बदला, उशा नीट करा, आणि घड्याळ न बघता साधारण पंधरा-वीस मिनिटं झाली असं वाटलं, किंवा त्याआधीच वैताग यायला लागला, की उठून त्या खुर्चीत बसा. डोळे जड झाले की परत अंथरुणावर. पहिल्या आठवड्यात एका रात्रीत तीनदा उठावं लागेल, त्यात तुमचं काही चुकत नाही. ज्या रात्री उठणंच अशक्य असेल, त्या रात्री पलंगावरच पाठीला तक्क्या लावून बसा, दिवा लावा, वाचा. झोपेची धडपड थांबवणं हा यातला खरा मुद्दा. खुर्चीत बसून मोबाइल मात्र नको, एका बातमीवरून दुसरीवर जाताना तास कधी निघून जातो ते कळत नाही.

स्नायू सैल करण्याचा सरावही त्याच खुर्चीत करता येतो. एकेक स्नायूगट पाच सेकंद आवळून सोडायचा आणि वीस सेकंद तो सैलपणा जाणवू द्यायचा, या पद्धतीचं मूळ रूप एडमंड जेकबसन या अमेरिकन डॉक्टरांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मांडलं. दुखणाऱ्यांनी तिच्यात एक बदल करावा : दुखरा भाग आवळायचा नाही. तुमच्या बाबतीत कंबर, उजवा कुल्ला आणि उजवी मांडी वगळा. हात, खांदे, जबडा, डावा पाय एवढं पुरतं. दिवसा दोन आठवडे सराव झाल्याशिवाय रात्री त्याचा फार उपयोग होत नाही.

आता गादी आणि उशा. कंबरदुखीला कडक गादी हवी हा समज फार पक्का आहे. स्पेनमध्ये जुनाट कंबरदुखीच्या ३१३ जणांवर झालेला एक प्रयोग २००३ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. त्यात कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादीवर झोपणाऱ्यांचं दुखणं जास्त कमी झालं. कुशीवर झोपल्यावर खांदा आणि कुल्ला थोडे रुतले नाहीत, तर सगळा भार त्या दोन हाडांवर येतो आणि मधली कंबर अधांतरी राहते. तुम्ही लगेच नवी गादी घेऊ नका. आहे त्या गादीवर चार-पाच सेंटीमीटर जाडीचा मऊ थर टाकून दोन आठवडे पाहा. घरातल्या कोणाला तरी तुम्ही कुशीवर असताना मागून फोटो काढायला सांगा. मान, पाठ आणि माकडहाड एका सरळ रेषेत दिसायला हवेत. कंबर खाली झोळ खात असेल तर गादी जास्त मऊ आहे. कुल्ला रुतत नसेल आणि कंबरेखाली पोकळी दिसत असेल तर जास्त कडक.

तुमची कळ उजवीकडे आहे, तेव्हा डाव्या कुशीपासून सुरुवात करा. दोन्ही गुडघे थोडे वाकवा आणि मध्ये लांब उशी घाला, तीही गुडघ्यापासून थेट घोट्यापर्यंत. नुसती गुडघ्यात छोटी उशी घातली की वरचं पाऊल खाली लोंबतं, त्याने मांडी पिळली जाते आणि त्याची ओढ कुल्ल्यावर बसते. कंबरेखाली पोकळी राहत असेल तर टॉवेलची पाच सेंटीमीटर जाडीची गुंडाळी तिथे सरकवा. छातीशी एक उशी कवटाळा, म्हणजे वरचा खांदा पुढे पडून पाठ पिळली जात नाही. मानेखालच्या उशीची उंची खांदा आणि कान यांच्यामधल्या अंतराएवढी हवी. उशी खांद्याखाली घ्यायची नाही, फक्त मान-डोक्याखाली. उताणं झोपल्यावर गुडघ्यांखाली उशी घेतली की कंबरेची कमान सैल होते. पण ज्यांचे गुडघेच झिजलेत किंवा ज्यांचा गुडघा बदललाय त्यांनी रात्रभर असं झोपू नये, गुडघा वाकलेल्या स्थितीत आखडतो. पालथं झोपण्याची सवय सुटत नसेल तर ओटीपोटाखाली पातळ उशी घ्या, निदान कंबर आत दबणार नाही.

कूस बदलतानाची कळ हे जाग येण्याचं मोठं कारण असतं, आणि त्यावर काम करता येतं. आधी दोन्ही गुडघे वाकवा, मधली उशी गुडघ्यांनी हलकेच दाबून धरा, श्वास सोडत पोट किंचित आत घ्या आणि खांदे, कुल्ले, गुडघे एकाच वेळी वळवा, ओंडका वळतो तसे. खांदे आधी आणि कुल्ले नंतर गेले की कंबर पिळते आणि चमक भरते. उठतानाही आधी कुशीवर या, पाय पलंगाखाली सोडा आणि त्याच वेळी कोपर व तळहाताने अंग वर रेटा. चादर गुळगुळीत आणि ताणून बसवलेली हवी. खरखरीत किंवा लोकरीची चादर कपड्यांना धरून ठेवते आणि प्रत्येक वळण दुप्पट जोराने घ्यावं लागतं. पांघरूण पायाशी घट्ट खोचू नका.

झोपण्याच्या एक-दोन तास आधी दहा मिनिटं कोमट-गरम पाण्याने, साधारण ४० ते ४२ अंश, अंघोळ केली तर झोप लवकर लागायला मदत होते. त्वचेतला रक्तप्रवाह वाढून शरीराची आतली उष्णता बाहेर पडते, आणि आतलं तापमान उतरणं हा झोपेचाच इशारा असतो. म्हणून अंघोळ करून लगेच अंथरुणावर जाण्यात अर्थ नाही. शेकायचं असेल तर मध्ये कापड ठेवून १५-२० मिनिटं, आणि शेक बाजूला ठेवूनच झोपायचं. शेकाच्या पिशवीवर झोप लागून भाजल्याची उदाहरणं खूप असतात. मधुमेहाने बधिरपणा आलेल्यांना तर भाजलेलं कळतही नाही.

चहा-कॉफी दुपारी दोननंतर बंद. कॅफीनचा निम्मा भाग शरीरातून जायला सरासरी पाच तास लागतात, काहींना त्याहून जास्त. काही वेदनाशामक आणि डोकेदुखीच्या गोळ्यांतही कॅफीन असतं, पाकिटावरचे घटक वाचा. दारूने झोप लवकर लागते खरी, पण उत्तररात्री ती तुकड्या-तुकड्यांत मोडते. झोपेच्या किंवा दुखण्याच्या औषधांसोबत तर ती घेऊच नये.

औषधांबाबत तुम्ही बहुधा दिवसातून किती वेळा एवढंच पाहत असाल. वेळ तितकीच महत्त्वाची आहे. पॅरासिटामॉलचा परिणाम चार ते सहा तास टिकतो. रात्री आठच्या जेवणानंतर घेतलेली गोळी दोनपर्यंत संपलेली असते, आणि तुमची जाग नेमकी दोनची आहे. वही डॉक्टरांना दाखवून विचारा : हीच मात्रा झोपण्याआधी हलवता येईल का, किंवा जास्त वेळ परिणाम टिकणारं औषध देता येईल का? गोळ्या स्वतःच्या मनाने वाढवू नका. प्रौढांसाठी पॅरासिटामॉलची २४ तासांतली कमाल मर्यादा ४ ग्रॅम आहे, यकृताचा आजार किंवा कमी वजन असेल तर त्याहून कमी. सर्दीच्या गोळ्यांतलं पॅरासिटामॉलही त्यातच धरायचं. डॉक्टरांनी रात्री एखादी गोळी घ्यायला परवानगी दिली असेल तर उशाशी ती एकच ठेवा, अख्खी स्ट्रिप नको. अर्धवट झोपेत गोळी घेतली की नाही ते आठवत नाही आणि दुसरी घेतली जाते.

मज्जातंतूंच्या दुखण्यासाठी अमिट्रिप्टिलिन कमी मात्रेत देतात. ती झोपताना घेण्यापेक्षा एक-दोन तास आधी घेतली तर सकाळची गुंगी कमी होते. याच दुखण्यावर दिल्या जाणाऱ्या ड्युलोक्सेटिनने काहींची झोप उडते, तेव्हा ती सकाळी घेता येईल का ते विचारा. प्रेडनिसोलोनसारखी स्टिरॉइड्स शक्यतो सकाळीच घेतात. कुठलंही औषध एकदम बंद मात्र करू नका.

मैत्रिणीच्या गोळ्या मात्र नको, ताई. ट्रामाडॉल, मॉर्फिन, प्रिगाबालिन या दुखण्यावरच्या औषधांपैकी काही चालू असताना झोपेची गोळी घेतली तर श्वास धोकादायक इतका मंदावू शकतो. रात्री बाथरूमला जाताना तोल जाणं हा दुसरा धोका. आणि या गोळ्यांची सवय लागली की त्या सोडताना पहिल्याहून वाईट रात्री वाट्याला येतात.

दिवसाचंही थोडं पाहावं लागेल. बरं वाटलं की सगळी कामं एका दमात उरकायची आणि मग दोन दिवस पडून राहायचं, असं होत असेल तर रात्रीचा ठणका त्यातूनच येतो. काम कळ येण्याआधी, घड्याळ लावून थांबवा. दहा मिनिटं भांडी घासून कंबर बोलायला लागत असेल तर आठव्या मिनिटाला थांबायचं. सकाळी उठल्या उठल्या अर्धा तास उजेडात चालणं, जमेल तेवढ्या तुकड्यांत, शरीराचं घड्याळ जागेवर आणतं.

काही गोष्टी घरी सुटणाऱ्या नसतात. पायांत संध्याकाळनंतर अस्वस्थ वळवळ होऊन ते हलवल्यावर बरं वाटत असेल तर रेस्टलेस लेग्ज असू शकतं. रक्तातलं फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारं प्रथिन) तपासून घ्या, कारण लोहाची कमतरता हे त्याचं एक सुधारता येणारं कारण आहे, आणि अमिट्रिप्टिलिनने ही तक्रार वाढू शकते. मोठ्याने घोरणं, झोपेत श्वास अडकणं, सकाळी डोकं दुखणं असेल तर झोपेची तपासणी हवी. चाळिशीच्या आत सुरू झालेली, उत्तररात्री जाग आणणारी, सकाळी अर्ध्या तासाहून जास्त आखडलेली आणि हालचालीने सैल होणारी कंबरदुखी ही सांध्यांच्या दाहाची असू शकते. तुमची कंबरदुखी शेहेचाळिशीत सुरू झाली, तरी आखडणं तसंच असेल तर डॉक्टरांना जरूर सांगा. कुठल्याच स्थितीत न थांबणारं रात्रीचं दुखणं, सोबत ताप किंवा विनाकारण घटणारं वजन असेल, किंवा पूर्वी कॅन्सर झालेला असेल, तर लवकर दाखवा. लघवी अडणं, शौचावरचा ताबा जाणं, जांघेभोवती बधिरपणा किंवा पायातली ताकद अचानक कमी होणं यातलं काहीही झालं, तर सकाळची वाट न पाहता त्याच क्षणी हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात जा.